लांडग्याचा वाटा कोणी द्यावा?



कीर्तनात दुष्टाचा दृष्टांत द्यावयाचा झाला की आम्हां कीर्तनकारांच्या तोंडी लांडगा तयारच असतो. काम, क्रोध, लोभ हे लांडग्यांसारखे जिवावर तुटून पडतात असे म्हटले की श्रोत्यांस पटते, मागचे टाळकरीही मान डोलावतात आणि निरूपण पुढे सरकते. चौघांनी मिळून एकाची लुबाडणूक केली तर तिलाही आपण लांडगेतोड म्हणतो. लांडग्याला विचारायला कोण जातो? परंतु हा दृष्टांत सर्व ठिकाणी सारखा चालत नाही. समोर बसलेल्या श्रोत्याने जेथे खराखुरा लांडगा पाहिलेला असतो, मेंढ्यांभोवती लावलेल्या वाघरीच्या आत मध्यरात्री शिरलेला पाहिलेला असतो, तेथे जपून बोलावे लागते.

गेल्या श्रावणात इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर आमचे कीर्तन होते. विषय सर्वांभूती भगवद्भाव हाच होता. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगू लागली, तेव्हा घोंगडे पांघरलेले एक वृद्ध धनगर पुढे आले. त्यांनी आमच्या व आम्ही त्यांच्या पायांस हात लावला. मग ते म्हणाले, "म्हाराज, सगळ्यांत पांडुरंग हाय म्हंता, ते पटतंय. पर मागल्या अमुशेला लांडग्यानं माजी सात मेंढरं फाडली. एक न्हेलं, सा तशीच टाकली. त्यात कंचा पांडुरंग आला व्हता, तेवडं सांगा."

बोलण्यात कुचेष्टा नव्हती. खरीच शंका होती, आणि अशी शंका विचारणारा श्रोता मिळणे हे कीर्तनकाराचे भाग्य होय. येथे 'बाबा, तुमचे प्रारब्ध' असे म्हणून मोकळे होता येते. पण ज्याचे मेंढरू गेलेले नाही त्याने दुसऱ्याला प्रारब्ध सांगू नये, असे आमचे मत आहे. प्रारब्ध हा स्वतःला सांगण्याचा शब्द आहे. म्हणून त्या रात्री वस्तीवर बसून जे बोलणे झाले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम शब्द पाहू. वेदात लांडग्यास 'वृक' म्हणतात. यास्काचार्यांनी निरुक्तात हा शब्द फाडणे, कापणे या अर्थाने लावला आहे, आणि त्याच ठिकाणी कुत्र्यालाही वृक म्हणतात असे सांगितले आहे. आजचे प्राणिशास्त्र निराळ्या वाटेने जाऊन तेथेच पोहोचले. हजारो वर्षांपूर्वी लांडग्यांच्याच कुळातले काही जीव माणसाच्या शेकोटीजवळ आले, टिकले, आणि त्यांचे कुत्रे झाले. दोघांचे रक्त आजही इतके एक आहे की त्यांचा संकर होतो. आता नामदेवरायांची कथा आठवा. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नका! ही कथा सांगताना आमचा कंठ दाटतो, तुमचेही डोळे भरतात. पण कुत्रा हा दारातला जीव. त्याच्याच थोरल्या भावाने पोळीऐवजी मेंढरू उचलले म्हणजे तूप कोठे जाते? शंका आहे ती इथे.

आता पुराणाकडे येऊ. श्रीकृष्णाने गोकुळ सोडून वृंदावनी जाण्याची कथा आपण बहुधा भागवतावरून सांगतो. तेथे उपनंद नावाचा वडीलधारा गोप सल्ला देतो की या स्थळी फार उत्पात होतात, मुलांच्या जिवावर बेतते, तेव्हा येथून निघावे. हरिवंशात मात्र ही कथा अगदी वेगळी आहे आणि ती फार थोडे लोक सांगतात. तेथे बाळकृष्ण बळिरामास म्हणतो की, दादा, हे रान आता संपले. गाईंनी गवत खाल्ले, गोपांनी झाडे तोडली, जेथे दाट सावली होती तेथे आता उघडे आकाश दिसते. गवत, लाकूड, पाणी सारेच दूर गेले. आता दुसरे वन पाहिले पाहिजे. पण वसलेले लोक उठणार कसे? तेव्हा भगवंताने आपल्या अंगावरील रोमांपासून लांडगे निर्माण केले. पाचांच्या, दहांच्या, विसांच्या, शंभरांच्या टोळ्या व्रजात हिंडू लागल्या, वासरे नेऊ लागल्या. गोपांना रानात जाणे अशक्य झाले, आणि अखेर गाडे जुंपून सारा व्रज वृंदावनाकडे निघाला.

आम्ही बाबांना म्हणालो, "कोणता पांडुरंग आला होता असे विचारता, तर पुराण म्हणते की लांडगा त्याच्या अंगावरच्या केसापासून झालेला आहे. यापेक्षा जवळचे नाते कोणते सांगू?" नुसत्या उपदेशाने गोप उठले नसते, हे देवालाही ठाऊक होते, यातून आम्हां कीर्तनकारांनी काय समजायचे ते समजावे. पण कथेचे खरे मर्म याच्याही आधी आहे. लांडगे आले म्हणून रान ओस पडले, असे तेथे नाही. रान संपले होते, ते माणसाने संपविले होते, आणि मग लांडगे आले.

हे ध्यानात धरून आता आपल्या माळाकडे पाहू. पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड, पलीकडे सोलापूर आणि अहिल्यानगर, हा सारा कमी पावसाचा देश. येथे कुसळी गवताचे माळ होते आणि अजून काही आहेत. माळावर चिंकारा, काळवीट, ससा, उंदीर, त्यांच्यावर लांडगा. आमचा हा लांडगा विलायती चित्रातल्यासारखा दांडगा नव्हे. वजन विसेक किलो, अंग सडपातळ, रंग वाळल्या गवतासारखा. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली याच दख्खनच्या मुलखातून त्याचे शास्त्रीय वर्णन केले, त्याला 'फिकट पायांचा' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले, आणि मराठे याला लांडगा म्हणतात हेही नोंदवून ठेवले. नर आणि मादी जोडीने राहतात. थंडीच्या दिवसांत बिळात किंवा एखाद्या घळीत पिले होतात. शिकारीहून आलेला बाप पोटातले ओकून पिलांना भरवतो, आणि कळपातली थोरली भावंडेही धाकट्यांना सांभाळतात. पिसाळलेला जीव सोडला तर आपल्याकडचा लांडगा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही; माणूस दिसला की मान खाली घालून दुडक्या चालीने निघून जातो.

या माळाला सरकारी कागदात बहुतेक ठिकाणी 'पडीक' म्हणतात. शब्दाने केवढे पाप होते पाहा. जे पडीक, ते कोणाचे नाही. जे कोणाचे नाही, ते कोणीही घ्यावे. नीरेचे कालवे आले, ऊस आला. त्यात वाईट काही नाही, आम्हीही गूळ खातो. पण माळाचा एक तुकडा उसाने घेतला, दुसरा कारखान्याने, तिसरा खाणीने, आणि जो उरला त्यावर कोणी पुण्य म्हणून चर खणून झाडे लावली. गवताच्या जागी झाडे लावणे हेही माळ मोडणेच आहे, हे सज्जनांना सांगितले तर राग येतो. असो. हरणे गेली, ससे कमी झाले. आता लांडग्याने काय खावे? धनगराची मेंढी, शेळी, आणि कोंबड्यांच्या पोल्ट्रीवाल्यांनी ओढ्यात टाकलेली मेलेली कोंबडी.

त्यातच कुत्री वाढली. गावाच्या कडेला उकिरडा, धाब्यांची उष्टी, लग्नाच्या पंक्तींचे उरलेले अन्न, यावर पोसलेली टोळकी माळावर हिंडतात. त्यांचा पिसाळ, त्यांचे रोग लांडग्यांना लागतात, आणि जोडीदार न मिळालेला लांडगा कुत्र्यांतच घर करतो. पुण्याजवळच्या माळावर अशी मिश्र प्रजा झाल्याचे शास्त्रज्ञांनी २०२३ साली जनुके तपासून दाखवून दिले. म्हणजे लांडगा गोळीने मरतो तसा तो उष्ट्यानेही मरतो.

गोळीने तर फारच मेला. इंग्रजी अमलात लांडग्याच्या कातड्यावर इनाम होते, आणि १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांवर लांडगे मारले गेले असा इतिहासकारांचा हिशेब आहे. आज साऱ्या देशात मिळून तीन हजारांच्या आसपास उरले असावेत असा अंदाज करतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीस बसविले, पहिल्या परिशिष्टात घातले. पण वाघासाठी मोठमोठी अभयारण्ये झाली. लांडगा बहुतेक करून अभयारण्याबाहेर, तुमच्या-आमच्या शिवारातच राहतो. त्यामुळे त्याला राखणे हे वनखात्याच्या हातात थोडे आणि मेंढपाळाच्या हातात फार आहे. पिले असलेल्या बिळात धूर करणे, तोंडाला दगड लावणे, मेलेल्या मेंढरावर विष घालून ठेवणे, हे रागाच्या भरात एका रात्रीत होते, आणि कोणाला कळतही नाही.

यावर दुसरा एक पूर्वपक्ष उभा राहतो. बुवा, तुम्ही लांडग्याची वकिली करता. पण तो पोरे नेतो त्याचे काय? हे खरे आहे आणि झाकून ठेवण्यासारखे नाही. उत्तर प्रदेशात प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या जिल्ह्यांत १९९६ साली लांडग्याने कित्येक मुले मारली, बहुतेक दहा वर्षांखालची. २०२४ साली त्याच प्रांतात बहराइच जिल्ह्यात, घाघरा नदीच्या काठच्या गावांत पुन्हा तसेच झाले. अंगणात आईच्या कुशीतून मूल उचलले गेले. जेथे असे घडते तेथे तो लांडगा पकडलाच पाहिजे, आणि पकडता येत नसेल तर मारलाच पाहिजे. यात शास्त्राला बाधा नाही. अश्विनीकुमारांनी लांडग्याच्या तोंडातून साधी लावी पक्षीण सोडविली असे ऋग्वेदात येते, मग मूल सोडवायचे नाही काय? मात्र बहराइचच्या वृत्तांतातील एक गोष्ट आमच्या मनात रुतून बसली आहे. त्या गावांत पुष्कळ घरांना दारेच नव्हती. लांडगे आल्यावर सरकारने घराघरांना दारे बसवून द्यायला घेतली. लांडगा कोणाच्या घरात शिरला? ज्याला दार नाही त्याच्या. सात मेंढरे कोणाची गेली? ज्याचे घर पाठीवर आहे त्याची. लांडग्याचा वाटा प्रत्येक वेळी गरिबाच्या ताटातूनच जातो.

म्हणून ऋग्वेदातली आणखी एक कथा सांगतो, जी आमच्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली आहे. ऋज्राश्व नावाचा एक राजर्षी होता, वृषागिराचा पुत्र. त्याच्यापाशी एक लांडगी आली. भुकेली होती. ऋज्राश्वाला दया आली, आणि त्याने तिला एक नाही, दोन नाही, शंभर आणि एक मेंढे कापून घातले. बापाला हे कळले. बापाने मुलाला आंधळे केले. मग ती लांडगीच त्या आंधळ्यासाठी अश्विनीकुमारांना हाका मारू लागली की, देवांनो, याने मला जेवू घातले म्हणून याची ही दशा झाली, याला दृष्टी द्या. आणि अश्विनीकुमारांनी त्याला पाहणारे डोळे दिले.

कथा ऐकताना बाप क्रूर वाटतो. पण सायणाचार्य भाष्यात सांगतात की ते मेंढे ऋज्राश्वाचे नव्हते, नगरातील लोकांचे होते. येथे कथेचा रंगच पालटतो. दया खरी होती, पण ती दुसऱ्याच्या दावणीतून केलेली होती. लांडगीला जे पुण्य पोहोचले ते ऋज्राश्वाच्या नावावर जमा झाले आणि खर्च मात्र ज्यांची मेंढरे गेली त्यांच्या नावावर पडला. अशा दयेला बापाने आंधळेपणाची शिक्षा दिली. आम्ही म्हणतो, शिक्षा कसली, जे होते तेच उघड केले! ज्याला लांडगीची भूक दिसते आणि मेंढपाळाचे नुकसान दिसत नाही, तो आंधळा नव्हे तर कोण? तरीही देवांनी त्याला टाकले नाही. वेदाने दया खोटी म्हटली नाही. त्याला दृष्टी मिळाली, आणि लांडगीच्या तोंडून मिळाली.

आज आपण सारे ऋज्राश्वच झालो आहोत. इंदापुरात कडबनवाडीचा माळ आहे. तेथे आता वनखात्याने माळ दाखविण्याची सोय केली आहे, गाडीत बसून लोक चिंकारा आणि लांडगा पाहायला जातात. चांगले आहे, माळाला किंमत आहे हे तरी कळते. पण शहरातला मनुष्य लांडगा पाहण्यासाठी पैसे भरतो आणि धनगर तो दिसल्याबद्दल मेंढरे भरतो. मेंढरू मारले गेले तर सरकारी भरपाई आहे. त्यासाठी वनखात्याला कळवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो. ज्याचा वाडा आज या शिवारात आणि उद्या पुढच्या शिवारात, तो पंचांची वाट पाहत किती दिवस बसणार? मेलेले मेंढरू तसेच टाकून तो पुढे जातो.

बाबांना सहा मेंढरे वाया गेल्याचे दुःख अधिक होते. नेले असते तर खाल्ले म्हटले असते. टाकून का गेला? याचे उत्तर असे आहे की मोकळ्या रानात एक सावज पडले की बाकीची पळतात आणि शिकार तेथेच संपते. वाघरीत मेंढरांना पळायला जागा नसते, ती गोंधळून तिथल्या तिथे फिरतात, आणि लांडग्याची मारण्याची ऊर्मी थांबत नाही. तेवढ्यात कुत्री भुंकतात, माणसे उठतात, तो पळतो. त्यात दुष्टावा नाही आणि शहाणपणही नाही. एवढे सांगितल्यावर बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वरसाला एकदोन जाणार, ते धरूनच चालतोय आमी. त्यो बी ह्या माळाचाच. आमचं बी असं न्हाई की त्यानं उपाशी मरावं. सात गेली म्हून बोललो." पुढे त्यांनीच सांगितले की त्या रात्री जाळी एका बाजूने फाटलेली होती आणि नवी घ्यायला हात आखडता होता.

ज्याची सात गेली तो म्हणतो, त्याने उपाशी मरू नये! आम्ही तीस-चाळीस वर्षे भूतदयेवर कीर्तने केली, पण असा पदरमोड करणारा भूतदयेचा वक्ता विरळा पाहिला. तेव्हा आमच्याकडून त्यांना ज्ञान सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते. उरले होते ते जाळीचे. ते त्या वस्तीवरच्या भजनी मंडळींनी दुसऱ्या दिवशी मनावर घेतले, आणि काल्याच्या जमलेल्या पैशांतून वाघर आणली. काल्याचा प्रसाद असाही वाटता येतो.

आता वारीसंबंधाने थोडे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघते तेव्हा काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, हे आपण सारे पाहतो. धनगर मंडळी आपली मेंढरे पालखीभोवती धावडवितात, आपण टाळ वाजवितो, ज्याला त्याला धन्य वाटते. ती मेंढरे ज्या माळावर चरून आलेली असतात तोच लांडग्याचा माळ. त्या मेंढरांत राखून ठेवलेली, जाळीतून वाचलेली, रात्री जागून जपलेली किती असतात, ते धनगरालाच माहीत. रिंगण पाहून झाल्यावर दिंडीतल्या चार जाणत्यांनी त्यांच्याजवळ बसावे, यंदा किती गेली ते विचारावे, पंचनामा अडला असेल तर गावच्या सरपंचाला किंवा वनरक्षकाला आपल्या शब्दाचा आधार द्यावा. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ पाहून अजून लोक ऐकतात.

दुसरे, माळावर मुक्काम पडतो तेथे पंगती उठल्यावर उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. आपण समजतो की मुक्या जिवांना घास गेला. प्रत्यक्षात त्यावर कुत्र्यांची टोळकी पोसतात, ती मेंढरांवरही जातात आणि लांडग्यांचे रोगही वाढवितात. नामदेवरायांनी एका कुत्र्याला तूप दिले, पन्नास कुत्र्यांसाठी उकिरडा केला नाही. खड्डा करून अन्न पुरावे, पत्रावळी जाळाव्यात, प्लॅस्टिकचे पेले व थाळ्या पोत्यात भरून पुढच्या गावी नेऊन द्याव्यात.

तिसरे, वाटेवरच्या बिळाजवळ, घळीजवळ पोरांनी गंमत म्हणून धूर करणे, दगड टाकणे असे कोठे दिसले तर तेथेच थांबवावे. आषाढापर्यंत पिले मोठी होऊन हिंडू लागलेली असतात, पण त्यांचा वावर त्याच घळींच्या आसपास असतो.

ह्या गोष्टी दिंडीप्रमुखांनी प्रस्थानाच्या आधीच विणेकऱ्यांना, स्वयंपाकाच्या मंडळींना आणि ट्रकवाल्यांना नीट सांगून ठेवाव्यात. एकदा पालखी हलली, टाळ वाजू लागले, म्हणजे मग कोणी कोणाचे ऐकत नाही.